तीनदा विचारायचं

वहिनीचा फोन आला तेव्हा घाईबाई ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढण्यात गुंतली होती. त्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नसे. फोन कानाला लावला तर वहिनी एवढंच म्हणाली, "गाल गेला गं त्याचा." आणि पुढे नुसती रडत राहिली.

गाल गेला म्हणजे काय, हे त्या घराबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. घाईबाईचा थोरला भाऊ, दादा, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला. एकेक स्नायू संपावर जाण्याचा तो आजार. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र ठणठणीत, पहिल्याइतकंच तिरकस. हुकमातला म्हणावा असा एकच स्नायू उरला होता, उजव्या गालातला. त्या गालावर बटणाएवढी चकती चिकटवलेली असे. समोरच्या पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची. हवं ते अक्षर आलं की दादा गाल किंचित आवळायचा, चकती ते बिनतारी कळवायची आणि संगणक अक्षर टिपून घ्यायचा. वाक्य पुरं झालं की तोच ते सपाट आवाजात बोलून दाखवायचा. एका वाक्याला एवढा वेळ लागायचा की दुसरा कुणी असता तर कामापुरतंच बोलला असता. दादा मात्र 'हो गं', 'आण गं', 'कळलं गं' असं लिहायचा. एका 'गं'पायी कशाला जीव दमवतोस, म्हणून वहिनी रागवायची, पण तो 'गं' त्यानं कधी सोडला नाही.

तो गाल गेला होता. घाईबाईनं लॅपटॉप पिशवीत कोंबला, कुणाला काही न सांगता निघाली आणि धापा टाकत दादाच्या घरी पोचली.

दारातच वहिनीनं तिला गाठलं. सकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. दादाचा श्वास आता पुरत नव्हता. गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि श्वासाचं यंत्र कायमचं जोडायचं, हा एकच मार्ग होता. नाही घातली तर पुढचं बोलायची गरजच नव्हती.

"संध्याकाळी परत येते म्हणाल्यात," वहिनी म्हणाली. "निर्णय त्याचा, त्यानं सांगायचा. नाही सांगता आला तर मी सांगायचा. मी काय सांगू गं? मी तर घालाच म्हणणार!"

"आधी कधी बोलला नव्हतात तुम्ही यावर?"

"विषय काढायचा तो. मीच म्हणायचे, तेव्हाचं तेव्हा बघू, आत्ता कशाला त्रास."

त्रास. त्या घरात हा शब्द उठता बसता वापरला जाई. दादाला त्रास नको म्हणून पडदे कुठले, विचारलं नाही. पलंग कुठल्या भिंतीला, विचारलं नाही. सगळे त्याच्यावर जीव टाकत होते आणि त्याला काही म्हणता काही विचारत नव्हते. घाईबाई त्यात सगळ्यांच्या पुढे, ते येईलच.

"डोळ्यांनी हो-नाही विचारलं नाही का त्यांनी?"

"विचारलं ना. नळी घालू का म्हणाल्या, डोळे वर गेले. बरं, नको का घालू म्हणाल्या, तरी डोळे वरच गेले. मग पापण्याच मिटल्या. आता त्याच्या हुकमात नाहीत गं त्या, आपोआप पडतात. अशा हो-नाहीवर मी काही करणार नाही म्हणाल्या, आणि बरोबरच आहे त्यांचं."

खोलीत दादा उशीला टेकवून बसवलेला होता. बहिणीला बघून त्याची नजर तिच्याकडे वळली आणि तिथून सरळ तिच्या पिशवीवर गेली. घाईबाईला वाटलं, हा हसतोय. हसायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, पण तिला तसं वाटलं खरं.

आता या चकतीची आणि घाईबाईची एक गोष्ट सांगायला हवी. चकती आणि संगणक या दोघांची भाषा एक नसते. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर दादानंच लिहिलेला, हिंडता फिरता होता तेव्हा, ज्या कंपनीत आज घाईबाई आहे तिथेच. तिला कामाला त्यानंच लावलं, शिकवलं त्यानंच, आणि नावही त्यानंच ठेवलं. वाचून होण्याआधी हात घालते म्हणून घाईबाई. पुढे तो आजारी पडला आणि ड्रायव्हर तिच्याकडे आला. अलीकडे दादाच्या घरचा जुना संगणक धूर काढून मेला. नव्या संगणकात जुना ड्रायव्हर उभाच राहीना. मग घाईबाईनं पदर खोचला आणि सगळा कोड झाडून पुसून लख्ख केला.

त्या झाडझुडीत तिला काही विचित्र ओळी सापडल्या होत्या. चकतीकडून एरर आली तर जरा थांब, पुन्हा विचार. परत एरर आली तर परत थांब, परत विचार. असं तीनदा झालं तरच चकती गेली असं समज. हे का, ते सांगणारी एका शब्दाची टीप, म्हणजे कमेंट, नाही. घाईबाईनं कपाळाला हात लावला होता. कारण दादाचाच नियम होता की एरर गिळायची नाही. चूक जिथे झाली तिथेच बोंब मारायची. आणि हा बाबा स्वतःच्या कोडमध्ये एरर गिळून बसलाय! तिनं त्या ओळी उडवल्या. एरर आली की लगेच जोडणी बंद, कसं स्वच्छ. ऑफिसातला तपासनीस, ज्याला सगळे शंकासुर म्हणत, त्यानं विचारलंसुद्धा, "या ओळी कशासाठी होत्या? दादाला विचारलंस?"

"त्याला कशाला त्रास," असं घाईबाई तेव्हा म्हणाली होती.

शंकासुरानं नवा ड्रायव्हर तपासला, ऑफिसातली चकती स्वतःच्या गालावर लावून. सगळ्यांनी लावून बघितली. झकास चालली. काल रात्री, दादा झोपल्यावर, घाईबाईनं तो ड्रायव्हर त्याच्या नव्या संगणकात बसवला होता.

आता तिनं ड्रायव्हर नव्यानं चालू केला, दादाच्या गालावरची चकती हलकेच सोडवली, स्वतःच्या गालावर चिकटवली आणि गाल हलवला. पडद्यावर अक्षर टिपलं गेलं. पुन्हा हलवला, पुन्हा टिपलं गेलं. चकती चांगली, ड्रायव्हर चांगला. मग राहिलं काय? गाल. ती पलंगाच्या कडेवर बसली. वहिनीनं तिचं तोंड बघितलं आणि काय समजायचं ते समजली.

"लाव परत त्याच्या गालाला," वहिनी म्हणाली. "उघडा गाल मला बघवत नाही."

घाईबाईनं चकती परत लावली. वहिनी दादाच्या तोंडाशी वाकली. "एकदाच हलव रे. माझ्यासाठी. एकदाच."

अक्षरं उजळत विझत राहिली. एकही टिपलं गेलं नाही. पण घाईबाईच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर ड्रायव्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडा होता, आणि त्यात एक ओळ येऊन पडली. एरर. जोडणी बंद.

तिनं ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू केला. "वहिनी, परत सांग त्याला." वहिनीनं सांगितलं. एरर, जोडणी बंद. तिनं परत चालू केला आणि म्हणाली, "आता सांगू नकोस. दादा, तू काही करू नकोस, स्वस्थ राहा." लॉग कोराच राहिला. "आता हलव." एरर, जोडणी बंद.

घाईबाई अशी काही ओरडली की वहिनीच्या हातातला रुमाल पडला. "गाल आहे! वहिनी, गाल आहे त्याचा! मेला असता तर ही ओळ आलीच नसती. तो हलवतोय आणि ही चकती चूक म्हणून ओरडतेय आणि माझा शहाणा ड्रायव्हर दार लावून घेतोय!"

 वहिनीनं दादाच्या गालावर आपला गाल टेकवला आणि म्हणाली, "आणि आम्ही तुला गेलेला म्हणत होतो रे."

एवढ्यावर सगळं सुटलं असतं तर काय हवं होतं! घाईबाईनं दादाच्या त्या ओळी जुन्या कोडमधून उचलून जशाच्या तशा परत घातल्या, तर आख्खा संगणकच गोठला. पडदा हलेना, काही होईना. तिनं तो बंद करून पुन्हा चालू केला, ओळी जरा वर सरकवल्या. गोठला. खाली सरकवल्या. गोठला. त्याचं कारण तिला कळलं ते असं, की झाडझुडीत तिनं कुलपाची जागाही बदलली होती. ड्रायव्हर चकतीशी बोलतो तेव्हा मध्ये कुणी तोंड घालू नये म्हणून आतून कडी लावून घेतो. आणि आता तो कडी लावून, आत बसून, बाहेरून येणाऱ्या उत्तराची वाट बघत होता. उत्तर येणार कुठून, कपाळातून?

कडी काढायची तर ती कधी काढायची हे कळायला हवं. म्हणजे मुळात थांबायचं कशासाठी, हे कळायला हवं. चकती त्या वेळात करते तरी काय? बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात त्या एररसमोर लिहिलं होतं, 'उत्तर समजले नाही'. धन्य आहे! तिनं शंकासुराला फोन करून सगळं सांगितलं. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला.

"आम्ही चौघांनी परत लावून बघितली," तो म्हणाला. "चालतेय."

"चालतेय, चालतेय! तुमचे गाल धडधाकट आहेत रे मेल्यांनो!"

"मला एरर दाखव म्हणजे मी शोधतो," तो नरमाईनं म्हणाला. "इथे एररच येत नाही. या ओळी कशासाठी होत्या ते फक्त दादालाच..." आणि तो थांबला.

फक्त दादालाच माहीत होतं. आणि दादाचं तोंड घाईबाईनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं. तिनं फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्या ओळी उडवताना तिला किती हुशार वाटलं होतं, ते आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. उन्हं कलायला लागली होती. डॉक्टरीणबाई यायच्या होत्या.

एक वाट उरली होती. वहिनीनं सकाळीच एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहिली होती. ती एकेक ओळ म्हणायची, हवी ती ओळ आली की दादानं नजर वर न्यायची, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. हो-नाहीवर भरवसा नव्हता, कारण पापणी आपोआप पडते. पण अक्षराला अक्षर लागून शब्द झाला तर तो शब्द आपोआप होत नाही. मात्र सकाळच्या सगळ्या खटाटोपातून बाहेर आलं ते एवढंच, 'पाणी'. त्यानंतर दादाच्या पापण्या मिटल्या त्या दुपारपर्यंत. म्हणजे फार तर आणखी एक शब्द.

"मला त्याला विचारायचंय," घाईबाई म्हणाली. "त्या ओळी कशासाठी घातल्या ते."

वहिनी चवताळून उठली. "एक शब्द उरलाय त्याच्याकडे! एक! आणि तो तुझ्या कोडवर घालवायचा? 'हवी' का 'नको' एवढं विचारलं की झालं. दोन दोन अक्षरांचं उत्तर आहे."

"मग विचार."

वहिनीनं पुठ्ठा उचलला. दादासमोर धरला. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. तिनं पुठ्ठा खाली घेतला.

"आणि तो नको म्हणाला तर?" ती म्हणाली. "तर मी भांडणार ना त्याच्याशी. कचाकचा भांडणार. एका शब्दाशी मी काय भांडू गं? त्यावर तो काही बोलणार नाही, मी आपली एकटीच बोंबलत बसणार, आणि तेवढ्यात सगळं संपलेलं असणार." तिनं डोळे पुसले. "तुझा ड्रायव्हर होईल का नीट? खरं सांग. एकाच शब्दात होईल?"

घाईबाईला खोटं बोलायचं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

वहिनी दादाकडे वळली. "तूच सांग बाबा. तुझा शब्द आहे." आणि दोघींनी बघितलं, तर त्याची नजर वहिनीवर नव्हती, पुठ्ठ्यावरही नव्हती. ती लॅपटॉपवर होती, आणि हलायला तयार नव्हती.

"घे, विचार तुझं," वहिनी म्हणाली. पुठ्ठा मात्र तिनं स्वतःच्या हातातच ठेवला.

घाईबाई पलंगाजवळ गुडघ्यावर बसली. "दादा, त्या तीनदा विचारायच्या ओळी होत्या ना, त्या मी काढल्या. मला वाटलं, तू एरर गिळलीस. तुला विचारलं नाही. आता सांग, पहिली एरर येते तेव्हा ती चकती काय करत असते?"

वहिनीनं ओळी म्हणायला सुरुवात केली. क ख ग घ. च छ ज झ. नजर वर गेली. च? छ? ज? झ? वर. वहिनीनं बोट त्या अक्षरावर दाबून धरलं, ते पळून जाईल अशा भीतीनं. मग काने मात्रे. त्यात एक पापणी पडली, ती उघडेपर्यंत दोघींनी श्वास धरला. झा? झि? झे? झो? वर. झो. पुढची ओळ. त थ द ध न... नाही. प फ ब भ म. वर. प? वर.

मग दोन्ही पापण्या मिटल्या. दादाच्या कपाळावर घाम आला होता.

"झोप," वहिनी म्हणाली. "चकती झोपते?"

घाईबाई उत्तर द्यायला थांबली नाही. तिनं दादाची चकती घेऊन आपल्या गालावर लावली, खुर्चीत बसली, ओठ मिटले आणि गप्प राहिली. बोलली नाही, हसली नाही, आवंढासुद्धा गिळला नाही. तिच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच वेळ. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते चकतीपाशी येऊन थांबलं तरी तिनं पुसलं नाही. बराच वेळ झाल्यावर तिनं गाल आवळला. लॉगमध्ये ओळ पडली. एरर.

"झोपते!" ती किंचाळली. "झोपते गं भवानी! बॅटरी वाचवायला झोपते. ऑफिसात आमचे गाल सारखे हलत असतात, तिला झोपायला मिळतच नाही. माझा तर काय विचारायलाच नको! दादाचा गाल एकदा हलला की पुन्हा हलेपर्यंत ती गाढ झोपलेली. तो हलवतो, ती दचकून उठते आणि झोपेत काहीतरी बरळते. त्या बरळण्याला मी एरर धरत होते. उठायला वेळ द्यायचा आणि परत विचारायचं, बस्स, एवढंच!"

सांगता सांगता तिची बोटं चाललीच होती. एरर आली तर आधी कडी काढायची, चकतीला जागं होऊ द्यायचं, मग कडी लावून पुन्हा विचारायचं. तीनदा. तिसऱ्यांदाही उत्तर नाही आलं, तरच गेली म्हणायचं. तिनं संगणक चालू केला, जीव मुठीत धरून. गोठला नाही. स्वतःच्या गालावर गप्प बसून बघितलं. एरर, पुन्हा विचारलं, अक्षर टिपलं. फोनवरून शंकासुरानं ओळ न् ओळ वाचली आणि या खेपेला त्याला शंका आली नाही.

एक गोष्ट तेव्हा तिच्या लक्षात आली. दादानं त्या ओळी लिहिल्या तेव्हा तो धडधाकट होता, दोन दोन पायऱ्या गाळत जिने चढत होता. कुठल्या तरी न बघितलेल्या, दमलेल्या गालासाठी त्यानं त्या लिहिल्या होत्या.

चकती दादाच्या गालावर परत बसली. पापण्या उघडेपर्यंत दोघी वाट बघत राहिल्या. मग अक्षरं उजळायला लागली. एक अक्षर टिपलं गेलं. वहिनीनं घाईबाईचा दंड असा धरला की नखं रुतली. दुसरं अक्षर, तिसरं. अखेर तो सपाट, मठ्ठ आवाज खोलीत आला, आणि दोघींना तो जगातला सगळ्यात गोड आवाज वाटला.

"कमेंट लिही गं," आवाज म्हणाला.

घाईबाई हसली आणि हसता हसता भोकाड पसरून रडली. "हे तू मला सांगतोस? तू लिहिली होतीस का रे कमेंट, तेव्हा?" आणि नाक पुसत तिनं त्या ओळींच्या डोक्यावर लिहिलं, मोठ्यानं म्हणत लिहिलं, "पहिलं उत्तर धरू नका. झोपेतून उठायला वेळ लागतो. तीनदा विचारा, मगच काय ते ठरवा."

वहिनी ऐकत होती.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा दिवे लागले होते. त्यांनी पडदा बघितला, चकती बघितली आणि घाईबाईच्या रडून सुजलेल्या तोंडाकडेही बघितलं. खुर्ची ओढून त्या दादासमोर बसल्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं, काहीही न लपवता. नळी घातली तर काय, नाही घातली तर काय, आणि नाही घातली तरी घुसमट होऊ देणार नाही, त्याची औषधं आहेत. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

अक्षरं उजळत होती. घाईबाईनं मनातल्या मनात 'ह' म्हटलं. ह, ह, ह. 'ह' उजळला आणि विझला.

"नळी नको," आवाज म्हणाला.

एवढ्या आटापिट्यानं त्याला आवाज मिळवून दिला तो हे ऐकायला? घाईबाईला वाटलं, लॅपटॉप उचलावा आणि भिंतीवर आपटावा.

डॉक्टरीणबाई काही म्हणणार तोच वहिनी पुढे झाली. "थांबा. हे पहिलं झालं. पहिलं उत्तर धरायचं नसतं. त्याच्याच कोडमध्ये आहे." ती दादासमोर जाऊन उभी राहिली. "सकाळपासून झोपून आहे तो. मी परत विचारणार. तुला नळी का नको रे? माझ्यासाठी नको म्हणतोस ना? मी दमते, माझी पाठ जाते, मी रात्री उठते, म्हणून? मी कधी म्हटलं तुला? एकदा तरी म्हटलं? यंत्र आलं तर मी यंत्र सांभाळीन. तुला काय रे, नको म्हटलंस की तू सुटलास. मी काय करायचं? या खोलीत मी कुणाशी बोलायचं?"

ती भांडली. म्हणाली होती तशी, कचाकचा. आणि दादानं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, अक्षर अक्षर करत. मध्ये त्याच्या पापण्या मिटल्या, परत उघडल्या. कुणी घाई केली नाही, घाईबाईनंसुद्धा नाही.

"तू नाही गं, मी दमलो," आवाज म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, "भांडलीस बरं वाटलं."

वहिनी पलंगावर बसली. तिनं दादाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची बोटं एकेक करून सरळ करत राहिली. डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघत होत्या. घाईबाईला माहीत होतं की अजून एकदा बाकी आहे, आणि वहिनीलाही माहीत होतं. तिनं मान वर केली.

"तिसऱ्यांदा विचारते," ती अगदी हळू म्हणाली. "शेवटचं. मग नाही विचारणार. नळी घालायची?"

न टिपला गेला. मग को. "कळलं," वहिनी म्हणाली. "कळलं रे, पुरे, दमू नकोस." पण अक्षरं उजळतच राहिली आणि दादाचा गाल थांबला नव्हता. एकदा हुकला. पुन्हा सगळ्या ओळी पहिल्यापासून उजळत आल्या. सगळे बसून राहिले. अखेर ते शेवटचं अक्षर टिपलं गेलं.

"नको गं," आवाज म्हणाला.

घाईबाईनं लॉगकडे बघितलं, दुसरीकडे कुठे बघणं तिला शक्य नव्हतं. प्रत्येक अक्षराआधी एक एरर, मग पुन्हा विचारलेलं, मग उत्तर. तिसऱ्यांदा विचारायची वेळ ड्रायव्हरवर कुठेच आली नव्हती.

"ऐकलंत ना," वहिनी डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "नको म्हणतोय तो." आणि दादाच्या गालावर सरकलेली चकती तिनं अंगठ्यानं नीट बसवली.